फळ्यांकडची वाट

पोलंडच्या कोळसापट्ट्यातल्या आमच्या स्तारोविएत्समध्ये कुठल्याही बारमध्ये एर्विन स्कोरुपाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागत नसे. तो आत शिरला की कुणीतरी काउंटरकडे खूण करी, भरलेला पेला समोर येई आणि पाठीवर थाप पडे. थाप मारणारा कधी कधी विशीतला असे. म्हणजे ज्या शर्यतीबद्दल ही थाप होती, ती झाली तेव्हा हा पठ्ठ्या दुपट्यात असणार. तरी तो सोबतच्याला छाती पुढे काढून सांगे, "हाच तो. मेहुण्यासाठी यानं वर्ल्ड फायनलवर पाणी सोडलं." एर्विन मान हलवी. ती होकाराची होती की नकाराची, हे कुणी निरखून पाहिलं नाही. आमच्या गावाला एखादी गोष्ट आवडली की ती ज्याची आहे त्याला विचारत बसायची आमची पद्धत नाही.

एर्विनचा आजा खाणीत, बाप खाणीत, आणि मोटरसायकल शर्यतींचा क्लबही खाणीचाच. ट्रॅकवरची काळी खडीसुद्धा खाणीच्या बॉयलरमधली राख चाळून आणलेली. रविवारी चर्चमधून निघालेलं गाव सरळ स्टेडियमकडे वळे, कारण तो वास आधीच हवेत पसरलेला असे. त्या काळी इंजिनात एरंडेल घालत. लहानपणी ज्यांना ते नाक दाबून चमच्यानं पाजलेलं होतं, तेही मोठेपणी जळक्या एरंडेलाचा वास छातीभर ओढून घेत.

स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेक नसतो. गिअर एकच. चौघं जण एका फितीमागे उभे राहतात, फीत वर उडाली की चार फेऱ्या आणि सगळी वळणं डावीकडे. डाव्या बुटाला पोलादी तळ बांधलेला असतो. तो जमिनीवर घासत, मागचं चाक बाहेर फेकत गडी आडवा होऊन वळणातून निघतो. मिनिटभरात निकाल. एर्विनच्या आईनं ब्रेकचं ऐकलं तेव्हा तिनं एक आठवडा त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मग बापानं तिला समजावलं की खाणीत खाली जाणाऱ्या पाळण्यालाही ब्रेक आहे असं आपण नुसतं ऐकतो, पाहिलंय कुणी? तेव्हापासून ती बोलायला लागली, पण बापाशी बोलेना.

कागदोपत्री क्लबची सगळी पोरं खाणकामगारच होती. महिन्याचा पगार खाणीतून यायचा आणि खाली उतरायची वेळ कधी यायची नाही. डिसेंबरात खाणकामगारांच्या संत बार्बाराच्या सणाला मात्र काळा गणवेश आणि पिसांचा तुरा लावलेली टोपी घालून मिरवणुकीत चालावं लागे. तेव्हा खरे खाणकामगार खोकत खोकत त्यांची फिरकी घेत, "काय रे, कोळसा पाहिलायस का कधी? काळा असतो म्हणे."

या पोरांत एर्विनच्या बरोबरीनं आला तो गेरार्ड मिका. वर्षभरानं लहान, अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून दांडगा. घाबरायचं कसं असतं हे त्याला शिकवायचं राहून गेलेलं होतं. तो नेहमी बाहेरून जायचा, स्टेडियमच्या लाकडी फळ्यांना कोपर लागेल इतक्या बाहेरून, आणि वेगाच्या मुठीवरचा हात पूर्ण उघडा ठेवून. एर्विनचं उलट. फितीखालून पहिला निघावा तर त्यानंच, आणि मग आतली पांढरी रेघ धरून बसावं तर त्यानंच. त्याला आतून कुणी कापू शकत नसे.

म्हातारे प्रशिक्षक कुचेरा यांनी दोघांना पाहिलं आणि त्यांची जोडी बांधली. स्पीडवेत प्रत्येक शर्यतीला दोन आपले, दोन त्यांचे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन. आपले दोघं पुढे आले की सामना खिशात. कुचेरांचं गणित सोपं होतं. एर्विननं पुढे निघून आतली बाजू बंद करायची आणि गेरार्डनं बाहेरून वेगात यायचं. अडचण एकच होती. वळणातून बाहेर पडताना मोटरसायकल आपसूक बाहेर फेकली जाते, थेट फळ्यांकडे. म्हणजे पुढचा एर्विनच मागून येणाऱ्या गेरार्डची वाट बंद करणार. ती उघडी ठेवायची तर नेमक्या त्या क्षणी मुठीवरचं मनगट केसभर मिटून मोटरसायकल आत धरावी लागते, आणि तेही स्वतःचा वेग मारून. कुठल्या शर्यतवाल्याच्या जिवाला हे रुचेल?

कुचेरा त्याला म्हणाले होते, "डोक्यानं करायला जाशील तर उशीर होईल. मनगटाला शिकव."

मनगट शिकलं. दहा वर्षं उन्हाळाभर, सामन्यात आणि सरावात, एर्विन मागं न पाहता गेरार्डचं इंजिन ओळखायचा. ते जरा घोगरं वाजे. तो आवाज उजव्या खांद्यामागं आला की मनगट मिटे, फळ्यांकडे एका मोटरसायकलपुरती वाट उघडे आणि गेरार्ड धूळ उडवत पुढे जाई. आपल्याच जोडीदाराच्या मागं दुसरा आलेल्याच्या दोन गुणांवर एक चांदणी काढतात, कारण बिचाऱ्यानं पुढच्याला गाठायचा प्रयत्न केलेला नसतो. एर्विनच्या नावापुढे इतक्या चांदण्या जमल्या की कातोवित्सेच्या पेपरवाल्यानं त्याला 'रात्रीचं आकाश' असं नाव ठेवलं. गाव खूप हसलं. एर्विनही हसला, पण तो पेपर त्यानं घरी नेला नाही.

त्याची धाकटी बहीण ओतिलिया, घरची तिल्का. तिनं गेरार्डशी लग्न केलं. लग्नात गेरार्डनं पेला उंचावून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बहीण मागायला गेलो तर हा तिथंही बाजूला सरकला." लोकांनी टेबलं बडवली. एर्विननं नव्या मेहुण्याला मिठी मारली, आणि ती मनापासून होती. गेरार्डवर राग धरणं तसं कुणालाच जमत नसे.

मग एक्याऐंशी साल उजाडलं. सप्टेंबरात संघ पश्चिम जर्मनीत मैत्रीचा सामना खेळायला गेला. परतीच्या बसमध्ये एर्विन बसला नाही.

का बसला नाही, याची गावानं पुष्कळ कारणं शोधली. दुकानं रिकामी होती, रस्त्यावर पुढं काय वाढून ठेवलंय हे दिसत होतं, आजोबांचे जर्मन नागरिकत्वाचे जुने कागद घरात होते. हे सगळं खरंच होतं. पण एर्विनचं स्वतःचं कारण त्याहून लहान होतं आणि ते त्यानं कुणालाही सांगितलं नाही. तो एकोणतीस वर्षांचा होता. चांदणी नसलेला एर्विन कसा असतो हे त्याला एकदा बघायचं होतं. जगातले निवडक सोळा जण ज्या एका दिवशी एका ट्रॅकवर येतात, त्या वर्ल्ड फायनलमध्ये त्याला स्वतःचं नाव हवं होतं. गावात राहून हे होणार नव्हतं, कारण गावाला तो फक्त गेरार्डला वाट करून देणारा म्हणून दिसत असे.

हे तो तिल्काला सांगून गेला असता तर? पण नाही सांगितलं. गेरार्ड त्या प्रवासात त्याच्याच खोलीत झोपला होता, त्यालाही नाही सांगितलं.

पुढं जे झालं ते या दोघांनी भोगलं. गेरार्डला कम्युनिस्ट सरकारच्या पोलीस साहेबांनी बोलावून घेतलं आणि तोच तोच प्रश्न विचारला की एका खोलीत झोपून तुला ठाऊक कसं नाही. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, पण तसं खरं कुणाला पटतं? त्याचा पासपोर्ट दोन वर्षं त्यांच्या खणात राहिला. एका स्वीडिश क्लबनं त्याला बोलावलं होतं, ते बोलावणं गेलं. ऐन उमेदीची वर्षं होती ती. तिल्काची खाणीच्या बालवाडीतली नोकरी गेली. दुसऱ्या हिवाळ्यात आई वारली आणि एर्विनला तिच्या मातीला येता आलं नाही. तिल्कानं त्याला कळवलंसुद्धा नाही. त्याला ते कुण्या तिसऱ्याकडून समजलं.

तिकडं एर्विनचंही काही सोनं झालं नव्हतं. पोलिश संघटनेनं अडवून धरल्यामुळं दोन वर्षं शर्यती बंद. बायर्न प्रांतातल्या एका खेड्यात तो ट्रॅक्टर दुरुस्त करी. मग जर्मन पासपोर्ट मिळाला, जर्मन परवाना मिळाला आणि एका लहानशा क्लबनं त्याला घेतलं. तिथला निवेदक दर वेळी 'पोलंडमध्ये जन्मलेला एर्विन स्कोरुपा' असं पुकारी. त्याला वाटे, जन्म तर एकदाच झाला, हे दर रविवारी काय पुकारायचं? तरी तो चांगला चालवायला लागला होता. पुढं कुणासाठी थांबायचं नाही आणि मागं कुणाचं इंजिन ऐकायचं नाही. आयुष्यात प्रथमच तो वळणातून बाहेर पडताना मोटरसायकल जाईल तिकडं जाऊ देत होता, पार फळ्यांपर्यंत.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तो वर्ल्ड फायनलच्या आधीच्या शेवटच्या फेरीत पोहोचला. ऑस्ट्रियातलं एक गाव होतं, डोंगरात वसलेलं. पोलंडकडून आलेल्यांत गेरार्ड होता. पाच वर्षांनी दोघं एका कुंपणाच्या आत आले होते. दिवसभर गेरार्ड एर्विनच्या मोटरसायकलीजवळून ये-जा करताना दुसरीकडे बघत राहिला. एकदा तर दोघं पाण्याच्या नळावर समोरासमोर आले. गेरार्डनं नळ बंद केला आणि तोंडावर साबण तसाच ठेवून तो निघून गेला.

संध्याकाळी सगळ्या शर्यती आटोपल्या तेव्हा शेवटच्या एका जागेवर दोघं समान गुणांवर होते. अशा वेळी निर्णायक शर्यत होते, फक्त त्या दोघांची. जो जिंकेल तो वर्ल्ड फायनलला, जो हरेल तो घरी.

फीत उडाली आणि एर्विन पुढे निघाला. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. त्याला एवढी खात्री आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणात शिरताना त्याला डोळ्यांसमोर ते दिसलं, सोळा जणांच्या यादीतलं आपलं नाव. वळण संपत आलं. मोटरसायकल बाहेर, फळ्यांकडे जायला लागली. तिथं ती गेली असती तर मागच्याला पुढं यायला जागाच उरली नसती.

तेवढ्यात उजव्या खांद्यामागं ते घोगरं इंजिन आलं.

मनगट मिटलं. मोटरसायकल आत राहिली. फळ्यांकडे एका माणसापुरती वाट उघडली आणि गेरार्ड तिच्यातून धूळ उडवत गेला. शेवटच्या रेघेवर तो अर्ध्या चाकानं पुढे होता. आपण काय केलं हे एर्विनला रेघ ओलांडल्यावर कळलं.

तो थांबला, उतरला आणि हातमोजा काढून स्वतःच्या मनगटाकडे पाहत राहिला. गेरार्ड मोटरसायकल तशीच टाकून धावत आला. त्याच्या गालांवरची काळी धूळ डोळ्यांतल्या पाण्यानं ओघळत होती. त्यानं एर्विनची मान दोन्ही हातांनी धरली आणि कपाळाला कपाळ लावून म्हणाला, "फिटलं, एर्विन. सगळं फिटलं."

त्याच वेळी एर्विननं बोलायला हवं होतं. अरे, मी दिलं नाही, ते माझ्या हातून झालं, मला हे तुझ्यापेक्षा जास्त हवं होतं. शब्द तोंडाशी आलेही. पण पाच वर्षांत आपल्या माणसाचा हात त्याच्या अंगाला लागला नव्हता. तो हात आता मानेवर होता. एर्विन गप्प बसला. पुढच्या रविवारी शेजाऱ्यांच्या फोनवर तिल्काचा आवाज आला, आणि ती आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सावकाश बोलत राहिली. आता तर बोलणं शक्यच नव्हतं.

जर्मन क्लबच्या मालकाला काहीही सांगायची गरज पडली नाही. पोलंडमध्ये जन्मलेल्यानं पोलंडच्या माणसाला शर्यत सोडली, एवढं त्याला पुरेसं होतं. पुढच्या वर्षी करार झाला नाही. दुसरा क्लब मिळाला तो खालच्या दर्जाचा, मग खांदा मोडला. वर्ल्ड फायनलच्या जवळपास एर्विन पुन्हा कधी फिरकला नाही. गेरार्ड वर्ल्ड फायनलला गेला, चार गुण मिळवून आला आणि त्या दिवसाचा त्याचा फोटो आमच्या स्टेडियमच्या बोळकांडीत अजून लावलेला आहे.

सीमा उघडल्या, साहेब लोक गेले, त्यांचे खण रिकामे झाले. जर्मनीत एर्विनचं एक लग्न होऊन मोडलं होतं. पंचेचाळिशी गाठायच्या आत तो स्तारोविएत्सला परतला आणि लाल विटांच्या कामगार चाळीत दोन खोल्या घेऊन मोपेड आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करू लागला. बारमधल्या थापा तेव्हाच सुरू झाल्या. पळून गेलेला एर्विन गावानं कधीच माफ केला नसता. पण मेहुण्याला वाट देणारा एर्विन गावाला हवा होता. दर रविवारी दुपारी तो तिल्काकडे जेवायला जाई. खळगा पाडलेले बटाट्याचे गोळे, त्यावर रस्सा, मांसाची गुंडाळी, जांभळा कोबी. आईच्या हातची चव. गेरार्ड त्याच्या बशीत वाढे, कबुतरांबद्दल बोले, शेजाऱ्यांना शिव्या घाले. त्या शर्यतीचा विषय त्या टेबलावर कधी निघाला नाही.

अशी वीसएक वर्षं गेली. मग क्लबचा पंचाहत्तरीचा सोहळा ठरला. जुन्या सगळ्या खेळाडूंना ट्रॅकवर बोलावणार होते, आणि निवेदकाला 'त्या ऐतिहासिक त्यागाची' गोष्ट एर्विनच्या तोंडून लोकांना ऐकवायची होती. गेरार्डनं येणार नाही म्हणून सांगितलं. गुडघा दुखतो, म्हणाला.

रविवारी गेरार्ड कबुतरांकडे गेलेला असताना एर्विननं तिल्काला विचारलं की गुडघ्याचं काय झालं. तिल्का भांडी घासत होती. ती वळली नाही.

"गुडघ्याला काही झालेलं नाही. तो किती वर्षांत स्टेडियमवर गेलेला नाही, तुझ्या लक्षात तरी आलंय का?"

एर्विनच्या लक्षात आलेलं नव्हतं.

"तुला पाठीवर थापा मारतात," तिल्का म्हणाली. "आणि त्याला काय म्हणतात माहितीये? नशीबवान आहेस गड्या, असा मेहुणा मिळाला. त्याला एकानंसुद्धा कधी, तू छान चालवलीस, असं म्हटलेलं नाही. फायनलला गेला तो दिवस आयुष्यातला एवढा एक. तोही तुझ्या कृपेनं." मग तिनं हात पुसले आणि भावाजवळ येऊन बसली. "तुला बोल लावत नाही रे मी. तू चांगलंच केलंस. पण चांगलं केलेलंही माणसाला फार वर्षं उचलायला लावू नये."

एर्विन घरी गेला आणि त्या आठवड्यात त्याच्यानं एकही यंत्र धड दुरुस्त झालं नाही. खरं सांगावं तर गेरार्डच्या छातीवरचा दगड निघेल. पण 'फिटलं' हा शब्द त्या दगडावरच उभा होता. दोन वर्षं पासपोर्ट, बालवाडी, आई, हे सगळं गेरार्डनं आणि तिल्कानं त्याला माफ केलं ते त्या अर्ध्या चाकाच्या बदल्यात. देणं दिलंच नव्हतं असं निघालं, तर रविवारच्या त्या टेबलावर आपली बशी कशाच्या जोरावर असणार? आणि त्या टेबलाशिवाय एर्विनला जगात दुसरं काही नव्हतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो इतकी वर्षं मान हलवत राहिला होता.

सोहळ्याला तिल्कानं गेरार्डचा शर्ट इस्त्री करून त्याच्या हातात दिला आणि त्याला ओढून आणलं. तो वरच्या पायऱ्यांवर, खांबाच्या आड बसला. निवेदकानं आवाज ओला करून गोष्ट सांगितली आणि माइक एर्विनच्या हाती दिला.

एर्विन म्हणाला, "ही गोष्ट खोटी आहे. मी कुणालाही काही दिलं नाही. मला जिंकायचं होतं. गेरार्ड मिकानं मला फळ्यांकडून गाठलं आणि अर्ध्या चाकानं हरवलं. बस, एवढंच झालं."

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि पाहता पाहता सगळं स्टेडियम उभं राहिलं. निवेदकानं डोळे पुसले. "पाहिलंत?" तो म्हणाला. "पाहिलंत या माणसाचं मन? आजही स्वतःकडे काही ठेवत नाही. आजही मेहुण्यालाच देतोय." टाळ्या थांबेचनात. आमचं गाव एकदा गहिवरलं की त्याला आवरणं कठीण. एर्विन माइकमध्ये काहीतरी ओरडत होता, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं खांबाकडे पाहिलं. गेरार्ड उठून निघाला होता.

पुढच्या रविवारी जावं की न जावं, हे एर्विननं जिन्यावर तीनदा थांबून ठरवलं. शेवटी गेला. तिल्का गोळ्यांना अंगठ्यानं खळगे पाडत होती. तिनं नुसतं वर बोट दाखवलं. गेरार्ड माळ्यावर, कबुतरांच्या खुराड्यात होता. एक करडी मादी हातात धरून तिचा पंख ताणून बघत होता. त्यानं एर्विनकडे पाहिलं नाही.

"माइकवर बोललास ते माझ्यासाठी बोललास?"

"खरं होतं ते बोललो."

"हे खरं तुला वीस वर्षांपूर्वीही बोलता आलं असतं."

"तू फिटलं म्हणालास," एर्विन म्हणाला. "मला ते सोडवेना."

गेरार्डनं पंख मिटला. "लोक काय म्हणाले ऐकलंस ना? आता मला सांग मेहुण्या, मी तरी कसं मानू? तू देणारा माणूस. तिल्कानं तुझ्यापाशी तोंड उघडलं असणार, हेही मला कळतं. या म्हाताऱ्या मेहुण्याला जरा बरं वाटावं म्हणून तू अख्ख्या गावासमोर खोटं बोलला नसशील कशावरून? तुझ्या स्वभावात बसतं ते."

एर्विननं शपथ घ्यावी तर तीही गेरार्डसाठीच घेतली असं झालं असतं. एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्यानं पाद्र्याजवळसुद्धा कधी काढली नव्हती. तो उलट्या पेटीवर बसला.

"मग ऐक. तू माझी मान धरलीस, रडलास, गेलास. मी गाडीत बसलो. मेकॅनिक चालवत होता, त्याला आपली भाषा येत नव्हती. मी मोठ्यानं बोलत होतो. म्हणत होतो, मी वाट सोडली नसती तर हा फळ्यांवर आपटला असता. आपटला असता तर बरं झालं असतं. मेला असता तरी चाललं असतं, मी फायनलला गेलो असतो. तिल्का आठवली नाही मला. तुमची दोन लहान पोरं आठवली नाहीत. बायर्नला पोहोचेपर्यंत मी हेच म्हणत होतो, गेरार्ड. आणि घरी गेल्यावरही."

"मेलो असतो तरी?" गेरार्डनं विचारलं.

"हो."

"किती दिवस म्हणत होतास?"

"हिवाळा लागेपर्यंत तरी."

गेरार्डनं कबुतर सोडून दिलं. ते खुराड्यात दोन उड्या मारून फळीवर जाऊन बसलं. एर्विननं मान खाली घातली होती, त्यामुळं त्याला मेहुण्याचा चेहरा दिसत नव्हता. फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो हळूहळू मोठा होत होता.

"हं," गेरार्ड म्हणाला. "आता पटलं."

एर्विननं वर पाहिलं. गेरार्ड हसत होता, तरुणपणी जिंकल्यावर हसायचा तसा, सगळे दात दाखवून.

"म्हणजे मी हरवलं तुला."

"अर्ध्या चाकानं."

"कुचेरांनी तुझं मनगट मला विकून टाकलं होतं, त्याला मी काय करू? तुझं नशीब ते. माझा हात तर पूर्ण उघडा होता. फळ्या कोपराला लागत होत्या माझ्या, माहितीये? तू जागा सोडशील की नाही, मला कुठं ठाऊक होतं. मी घुसलो."

"घुसलास," एर्विन म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणी घुसलं नसतं."

गेरार्डनं हे ऐकून घेतलं आणि नाकानं जोरात श्वास ओढला. मग त्याचं हसू मावळलं. "पण मग तुझं पळून जाणं राहिलं. मी फिटलं म्हणालो होतो ते यावर."

"नाही फिटलं."

"नाहीच फिटलं."

"चुकलो मी," एर्विन म्हणाला. हे दोन शब्द त्यानं एवढ्या वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते, कारण ते उच्चारायची गरजच पडू दिली गेली नव्हती. "तुम्हाला टाकून गेलो. एका शब्दानं सांगितलं नाही. तुझी वर्षं गेली, तिची नोकरी गेली, आईला तुम्ही एकट्यांनी पुरलंत. चुकलो."

गेरार्डनं मान डोलावली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. "चल खाली," म्हणाला, "गोळे गार होतील."

स्वयंपाकघराच्या दारात तो थांबला. तिल्का झारा हातात घेऊन उभी होती. दोघांच्या तोंडाकडे पाहून काय झालं असेल याचा ती अंदाज घेत होती.

"तिल्के," गेरार्ड म्हणाला, "मी जिंकलो होतो गं."

तिनं भावाकडे पाहिलं. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"हो," एर्विन म्हणाला. "आणि मी हरलो होतो." एवढं बोलून तो खुर्चीवर टेकला आणि त्याला रडू फुटलं. शर्यत हरलेल्या माणसाला रडायची मुभा असते. त्याला ती कुणी दिली नव्हती, वीस वर्षं सगळे त्याची पाठ थोपटत होते. आता तो त्या एका नावासाठी, त्या सोळांच्या यादीसाठी, हुंदके देऊन रडत राहिला. तिल्कानं गॅस बंद केला. गेरार्ड त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसला, आणि त्याचं रडणं संपेपर्यंत कुणी बशीला हात लावला नाही.